मदत हवी आहे: इजिप्तचा संत अंतोनी संन्यासी होता की बिशपांच्या पक्षाचा माणूस?

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासमंडळात चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती संन्याशांवर बोलायची पाळी माझी आहे. (वसई-गोव्यात ज्याचे सण होतात तो पादुआचा अंतोनी वेगळा. हा इजिप्तचा, ३५६ साली वारला.)

अडचण अशी की अंतोनीचं चरित्र लिहिलं अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याने, आणि तो काही तटस्थ गृहस्थ नव्हे. एरियसपंथीयांशी (एरियसला मानणारे ख्रिस्ती; त्यांच्या मते येशू देवपित्याच्या बरोबरीचा नव्हे) त्याचं उभं वैर, पाच वेळा हद्दपारी. ३५६ नंतर तर वाळवंटातल्या साधूंनीच त्याला लपवलं, आणि चरित्रही बहुधा तेव्हाचंच. त्यात अंतोनी डोंगर उतरून शहरात येतो आणि एरियसपंथीयांना चारचौघांत फैलावर घेतो. मरताना अंगावरची मेंढीची दोन कातडी दोन बिशपांना देतो: एक अथानेशियसला, दुसरं सेरापिओनला. अथानेशियसने नवं दिलेलं आणि वापरून विरलेलं पांघरूणही त्यालाच परत! मला तर हे सरळसरळ मृत्युपत्र वाटतं. कातडं ज्याच्याकडे, गादी त्याची.

उलट अंतोनीच्या नावावरच्या सात पत्रांत सगळा भर स्वतःला ओळखण्यावर. एरियस येतो तो ओझरता. मग खरा अंतोनी किती राजकारणी मानायचा?

दुसरं, ३७० च्या सुमारास सम्राट व्हॅलेन्सने साधूंत जाऊन लपलेल्यांना ओढून आणायचा हुकूम काढला. हा रोख संन्यासावरच होता का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
व्हॅलेन्सचं आधी घ्या. रोख होता नगरसभेच्या सभासदांवर. कराची वसुली कमी पडली की भरपाई यांच्या खिशातून, म्हणून पैसेवाले पळ काढत. हुकुमात पर्यायही आहे: परत या, नाहीतर मालमत्तेवर पाणी सोडा, ती तुमचं ओझं उचलणाऱ्यांना मिळेल. ज्याच्याकडे गमवायला काही नाही अशा फाटक्या शेतकऱ्याला त्याचं काय!

अंतोनीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. अथानेशियसने त्याला वापरलं हे खरं, पण त्याच्या शब्दाला शहरात वजन नसतं तर वापरून उपयोग काय? पुढे ४१५ मध्ये नित्रियाचे (इजिप्तमधली साधूंची वाळवंटी वस्ती) पाचेकशे साधू बिशप सिरिलच्या बाजूने अलेक्झांड्रियात उतरले, त्यांतल्या अम्मोनियसने रोमन अधिकारी ओरेस्टेसचं डोकं दगडाने फोडलं. शेवटी ४५१ साली कॅल्सिडनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने मठ बिशपांच्या ताब्यात दिले. व्याख्यानात तिथपर्यंत जरूर जा.