मदत हवी आहे: भूत नसलेला स्टीफन किंग कुठून वाचू?

मंडळी, मी नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेला वाचक. 'तुंबाड' सिनेमा (२०१८) आला तेव्हा कळलं की त्यातली आजी धारपांच्या 'आजी' कथेवरून सुचली, आणि धारपांनी ती कथा किंगच्या 'ग्रॅमा'वरून मराठीत आणली होती. मग मूळ कथा मिळवलीच. अकरा वर्षांचा पोरगा, आई दवाखान्यात गेलेली, घरात तो आणि अंथरुणाला खिळलेली आंधळी आजी. शेवटी व्हायचं ते होतंच, पण माझी टरकली ती त्याच्या कितीतरी आधी. आजीनं काही मागितलं तर आत आपल्यालाच जावं लागणार, या त्याच्या धास्तीनं.

पुढे 'मिझरी' (१९८७) घेतली. भूतबीत काही नाही. जखमी लेखक आणि त्याला डांबून ठेवणारी, त्याचीच चाहती असलेली नर्स. ती त्याला लिहायला जुना टाइपरायटर आणून देते, त्याची 'एन'ची कळच गायब. त्यावर लिहिलेली पानं पुस्तकात येतात, तेव्हा ते अक्षर हातानं भरलेलं दिसतं. कुऱ्हाडीच्या प्रसंगापेक्षा मला ते अक्षरच जास्त छळत राहिलं.

मग हुरूप येऊन हजारावर पानांची 'इट' उचलली आणि तीनशेच्या आसपास ढेपाळलो.

तर 'मिझरी'च्या जातीचं आणखी काय आहे? आणि रिचर्ड बाखमन या टोपणनावानं त्यानं जे लिहिलं ते खरंच वेगळं आहे, की फक्त वर्षाला एकाहून जास्त पुस्तकं काढायची सोय?

प्रतिसाद:
सोय होतीच, पण बाखमन जास्त कोरडा आणि निर्दय आहे. 'द लाँग वॉक' (१९७९) घ्या: शंभर पोरं चालतायत, वेग ताशी चार मैलांखाली गेला की ताकीद, तीन ताकिदींनंतर गोळी. बाकी काही नाही, नुसतं चालणं. १९८५ मध्ये पुस्तकाच्या दुकानातल्या एका कर्मचाऱ्यानं हे बिंग फोडलं, तोवर पाच कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या.

'मिझरी'च्या सगळ्यात जवळची 'डोलोरेस क्लेबोर्न'. एका बाईचा पोलिसांपुढचा जबाब, सलग, प्रकरणंच नाहीत. 'मिस्टर मर्सिडीज'ला रहस्यकथांसाठीचा २०१५चा एडगर पुरस्कार आहे, निव्वळ थरारकथा. मात्र ती एका त्रयीतली पहिली, आणि त्या त्रयीच्या तिसऱ्या भागात अमानवी प्रकार शिरतातच.

बाखमनमधली 'थिनर' तूर्त बाजूला ठेवा. तिच्यात शाप आहे.