पेंग्विन नाही, डाग दिसतो

पेंग्विनच्या वसाहती उपग्रहचित्रांवरून शोधतात म्हटल्यावर कुणीतरी विचारलंय, उपग्रहातून एवढासा पेंग्विन दिसणार कसा? बहुतेकदा दिसतच नाही! दिसतो तो विष्ठेचा डाग. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या डेंजर बेटांवर लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांत असेच डाग सापडले. मग डिसेंबर २०१५ मध्ये माणसं तिथे पोहोचली, ड्रोन उडवले, फोटो जोडून मोजणी केली. अडेली पेंग्विनच्या ७,५१,५२७ जोड्या! तिथे इतके पक्षी असतील याची तोवर कल्पनाच नव्हती.

एम्परर पेंग्विनचं दुखणं वेगळं. ते पिल्लं वाढवतात ती बहुतांशी किनाऱ्याला चिकटून गोठलेल्या समुद्रावर. हा बर्फ डिसेंबर-जानेवारीपर्यंत टिकायला हवा, कारण पाण्यात तग धरणारी पिसं पिल्लांना तोवर येत नाहीत. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो त्याआधीच फुटला आणि पाचपैकी चार वसाहतींच्या जागी उपग्रहचित्रांत पाणी दिसू लागलं. त्या पिल्लांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

ड्रोनला पक्षी बिचकतात, हा त्याच विचारणाऱ्याचा दुसरा मुद्दा मात्र मान्य. उंची राखूनच उडवावा लागतो.