'छिद्र', 'भोक' की 'वेध'? संमतीपत्रातला शब्द अडलाय

विणकरकन्या: सोलापुरातल्या एका रुग्णालयासाठी संमतीपत्र मराठीत करतेय. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जन्मतः अदलाबदल असतील तर मस्टर्ड किंवा सेनिंग शस्त्रक्रिया करायचे. लहानपणी ती झालेल्यांच्या हृदयाची लय मोठेपणी बिघडते, तेव्हा जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) घालतात. बिघाड पुष्कळदा बॅफलच्या, म्हणजे रक्ताची वाट बदलायला त्या शस्त्रक्रियेत हृदयात शिवलेल्या आडोशाच्या, पलीकडे असतो, म्हणून बॅफल सुईने टोचून पलीकडे जातात. मी 'बॅफलला छिद्र पाडून' लिहिलं. एका रुग्णाची आई म्हणाली, "छिद्र बुजवायलाच ऑपरेशन केलं की! आता परत पाडणार व्हय?" दुसरा शब्द सुचवा.

मंगळवारपेठकर: 'वेध'. कर्णवेध आपलाच संस्कार, 'विंधणे' त्याच धातूतलं.

जुनामाग: कर्णवेध पत्रिकेपुरता, घरी कान 'टोचतात'. आमच्या आजीला वेध म्हणजे ग्रहणाचे, त्यात ती पाणीही घ्यायची नाही. आजाऱ्याला असला शब्द नको. 'टोचणे' लिहा.

कॅथलॅबवाला: 'टोचणे' अपुरं आहे. अन्ननलिकेतल्या इकोवर (सोनोग्राफीवर) सुईच्या टोकाशी बॅफल तंबूसारखा ताणलेला दिसला की मगच ती पुढे रेटतात, आणि तिच्यामागून नळी जाते. बॅफल गोरटेक्सचा (कृत्रिम कापडाचा) असेल किंवा कॅल्शियम साठून बॅफल कडक झाला असेल, तर साधी सुई जात नाही. रेडिओफ्रीक्वेन्सीने (विद्युत-ऊर्जेने) वाट करतात. फॉन्टनवाल्यांतही (हृदयाचा एकच कप्पा नीट चालणाऱ्यांवर होणारी ही शस्त्रक्रिया) त्या शस्त्रक्रियेत बसवलेल्या नळीची भिंत अशीच ओलांडावी लागते. मागे शंट (रक्ताची आडवाट) राहू शकतो, म्हणून 'भोक' स्पष्ट लिहा. सही करणाऱ्याला ते कळलंच पाहिजे. काही वेळा महाधमनीतून उलट्या दिशेनेही पोचता येतं, तोही पर्याय मांडा.

मंगळवारपेठकर: स्पष्ट लिहायचं म्हणून रांगडं लिहायचं? 'भोक' सायकलच्या ट्यूबला.

जुनामाग: डॉक्टर स्वतः 'हृदयाला भोक आहे' असंच सांगतात, आणि पेशंटला ते कळतं.

शब्दवेडी: बॅफलला काय म्हणणार? 'पडदा' म्हटलं तर लोक जन्मजात पडदाच समजतील. 'आडपडदा' बरा.

मंगळवारपेठकर: आडपडदा मनात असतो, हृदयात नाही! आणि 'जांघेतली शीर' लिहू नका, 'नीला' लिहा.

जुनामाग: नीला आमच्या शेजारीण आहेत. शीरच हवं.

कॅथलॅबवाला: पण 'मानेची शीर आखडली' म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी नसते. पेशंट विचारतात, शिरेत नळी घातल्यावर पाय लुळा पडेल का?

शब्दवेडी: अक्कलकोटकडे माझी आत्या दोन्हीला 'नस' म्हणते.

जुनामाग: नस हिंदीतून आलेली.

शब्दवेडी: 'नस पकडली' आपण रोज म्हणतो. ती परकी कशी?