मामा तलावाचे तांबूस पाणी आणि लोणारचे खारे पाणी : तुलना कशी करावी?

प्रश्न (विज्ञान शिक्षक, भंडारा जिल्हा)
आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी पावसाळा ओसरला की कोऱ्या चहासारखे दिसते. चौपदरी फडक्यातून गाळून, तुरटी फिरवून रात्रभर ठेवले, तर गाळ तळाशी बसतो, पण रंग हटत नाही. हा रंग विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचा असल्यास लोणारच्या खाऱ्या पाण्यात ते कमी असतील की जास्त?

उत्तर १
०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतूनही जे निसटते, त्याला व्यवहारात विरघळलेले म्हणतात. तेथे फडक्याचा काय पाड! पाने, धानाचा पेंढा आणि पाणवनस्पती कुजून सुटलेली ह्यूमिक द्रव्ये तुमच्या पाण्याला रंग देतात. थोड्या तुरटीने गाळ बसतो. या द्रव्यांना मात्रा जास्त लागते. मामा तलाव सांडव्यावरून वाहतो, धानाच्या बांध्यांना पाणी देतो आणि पुढच्या पावसात पुन्हा भरतो. लोणारला बाहेर जाणारी वाटच नाही. पाणी वाफ होऊन जाते आणि क्षारांबरोबर सेंद्रिय द्रव्येही मागे साचत राहतात, म्हणून अशा बंदिस्त खाऱ्या सरोवरांत त्यांचे प्रमाण बहुधा जास्त आढळते. मात्र पाणी वर्षानुवर्षे उन्हात राहिल्याने रंग देणारे रेणू तुटतात. त्यामुळे रंगावरून प्रमाण ठरवू नये. लोणारचा हिरवा रंग तर मुख्यतः सूक्ष्म शैवालांच्या जिवंत पेशींचा आहे, आणि जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. हे दोन्ही रंग गाळणीवर अडकतात.

उत्तर २ (पाणी तपासणी प्रयोगशाळेतून)
वरील मताशी सहमत आहे, पण मापनातच खरी मेख आहे. सेंद्रिय भार मोजण्याच्या नेहमीच्या डायक्रोमेट चाचणीत खाऱ्या पाण्यातील क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण होते आणि हा भार फुगून दिसतो. थेट सेंद्रिय कार्बन मोजायचा, तर लोणारच्या सुमारे १० सामू असलेल्या पाण्यातील भरमसाट कार्बोनेट आधी आम्ल घालून, हवा फुंकून घालवावे लागते. त्यातही कार्बन असल्याने ते राहिले तर आकडा कशाचा, हेच कळत नाही. शाळेत हा खटाटोप नको. शिवाय लोणार अभयारण्य असल्याने तेथील पाणी वनविभागाच्या परवानगीशिवाय आणू नये.
तुमच्याच तलावाचे गाळलेले पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत भरा, एकीला काळा कागद गुंडाळा आणि दोन्ही गच्चीवर ठेवा. काही आठवड्यांनी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहिल्यास उघड्या बाटलीतील रंग फिका दिसेल. बूच घट्ट लावा, नाहीतर बाष्पीभवनाने उरलेले पाणी दाट होऊन तुलना बिघडेल.