मदत हवी आहे: बर्फातले सहा दिवस, पाच माणसं आणि स्की येणारा (जेमतेम) एक

नमस्कार मंडळी,

हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाच जण सहा दिवसांसाठी डोंगरातल्या एका स्की रिसॉर्टला चाललोय. बुकिंग झालेलं आहे, त्यामुळे "त्यापेक्षा समुद्रावर जा" हा सल्ला नको. तो घरातच दोनदा मिळालाय.

पाच जण म्हणजे नवरा (लग्नाआधी चार दिवस स्की केलेलं, त्या भांडवलावर अजून व्याज खातोय), मी (बर्फ फक्त फ्रीजरमधला पाहिलेला), लेक १३ वर्षांची, धाकटा सव्वापाच वर्षांचा आणि सासूबाई. सासूबाई ६८ च्या आहेत. गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण उत्साह आम्हा चौघांना पुरून उरेल इतका.

हॉटेल साधारण १६०० मीटर उंचीवर आहे आणि गोंडोला (तारेवरून जाणारा बंद पाळणा) पार वर २७०० मीटरपर्यंत जातो. नवऱ्याने एका रात्रीत वेळापत्रक तयार केलं. सकाळी नऊ ते चार, सहाही दिवस, सगळ्यांनी स्की. मला आणि मुलांना शिकवणार तोच. सासूबाईंच्या रकान्यात सहाही दिवस एकच शब्द: विश्रांती. त्यांनी चष्मा लावून तो कागद वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "विश्रांती मी घरी घेते."

तर जाणकारांनी सांगावं. सव्वापाच वर्षांचं पोर स्की शाळेत टिकतं का? लिफ्टचा सहा दिवसांचा पास घ्यावा का? स्की न करणाऱ्या माणसाला तिथे खरंच काही करता येतं, की काचेमागून बघत बसायचं? कपड्यांबद्दल नेटवर इतकं वाचलं की डोकं बधिर झालंय. आणि मुख्य म्हणजे दिवसातून एकदा तरी पाचही जण एकत्र असू असं काहीतरी हवंय. नाहीतर मी सकाळभर एकाचे बूट चढवणार, दुपारी दुसऱ्याचे उतरवणार आणि सुट्टी संपणार, हे मला आत्ताच दिसतंय.

आगाऊ धन्यवाद.

घसरगुंडी:

नवऱ्याला शिकवू देऊ नका. हे हात जोडून सांगतेय. मला माझ्या मोठ्या भावाने शिकवलं. तिसऱ्या वळणावर मी फतकल मारून बर्फात बसले आणि तो वरून ओरडत होता, "गुडघे वाकव!" संध्याकाळपर्यंत आमचं बोलणं बंद. स्की येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं.

पाच वर्षांचं मूल शाळेत छान टिकतं. बऱ्याच शाळा तीन-चार वर्षांपासून मुलं घेतात. त्या वयाला सकाळचे दोन-तीन तास पुष्कळ झाले, दुपारनंतर ती थकून रडकुंडीला येतात. सुरुवातीचं शिक्षण जवळजवळ सपाट जागेवर होतं. वर जायला लिफ्ट नसते, जमिनीलगत सरकणारा पट्टा असतो, त्याला मॅजिक कार्पेट म्हणतात. स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब केल्या की वेग मरतो. या आकाराला मुलांच्या वर्गात सगळे 'पिझ्झा' म्हणतात, आणि स्की समांतर ठेवल्या की 'फ्रेंच फ्राइज'. तुमचा धाकटा दुसऱ्या दिवशी हे शब्द तुमच्यावरच ओरडेल.

तुम्हीही वर्ग लावा, किमान तीन सकाळी. पहिले दोन दिवस पूर्ण डोंगराचा पास शिकाऊ माणसाला वायाच जातो. नवशिक्यांच्या भागाचं वेगळं तिकीट बऱ्याच ठिकाणी असतं, आधी विचारा.

अजून एक. उताराच्या रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. युरोपात निळा म्हणजे सोपा, लाल मधला, काळा अवघड. उत्तर अमेरिकेत सोपा तो हिरवं वर्तुळ, आणि निळा चौकोन म्हणजे मधला. एका खंडातला अनुभव दुसऱ्या खंडात नेऊन "निळाच तर आहे" म्हणत बायकोला वर नेणारे नवरे मी पाहिले आहेत.

बुटांचा माणूस:

स्की भाड्याने देण्याच्या काउंटरवर दोन सीझन काम केलंय, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो.

वजन खरं सांगा. लोक इथे हमखास खोटं बोलतात आणि आम्हाला कळतं. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ, किती जोर आला की सुटायची हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यावरून ठरतं. लहान मुलं आणि पन्नाशीपुढची माणसं यांच्यासाठी ती आणखी हलकी लावतात. बायको शेजारी उभी म्हणून वजन कमी सांगितलं, तर स्की वळणावळणाला निसटते. तरुण पोरं "मी एकदम एक्सपर्ट" सांगतात, त्यांची पडल्यावरही सुटत नाही आणि पाय पिळवटतो. तुमच्या यजमानांनी कौशल्याच्या चौकटीत काय लिहिलंय ते जरा वाकून बघा.

बूट घालताना सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे. गुडघे पुढे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की टाच मागे सरकते आणि अंगठा सुटा होतो. असं झालं तर माप बरोबर. आरामात ढिला वाटणारा बूट पहिल्याच उतारावर दगा देतो. मोजा एकच, पातळ आणि लांब. "थंडी आहे म्हणून दोन-दोन" केलं की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. बुटात मोज्याशिवाय काहीही जाऊ द्यायचं नाही. थर्मलचा काठसुद्धा नाही. त्या एका घडीने मोठ्या माणसाला रडवलेलं मी पाहिलंय.

संध्याकाळी आतलं अस्तर कोरडं करा. सकाळी ओला, गारठून कडक झालेला बूट पोराच्या पायात घालून दाखवा, मग बोलू.

सावली:

सासूबाईंबद्दल लिहिते, कारण गेल्या तीन हिवाळ्यांत आमच्या घरातली 'स्की न करणारी' मी आहे. आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, तुमचं वरचं टोक त्याच्या वर आहे. पहिल्याच दिवशी वर नेऊ नका. दोन दिवस खाली काढून मग न्या, तासाभरात परत आणा. डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच खाली. हवाही बदलते: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं. खाली शून्य असेल तर वर उणे सात, आणि त्यावर वारा.

आता करायचं काय? भरपूर. गोंडोला पायी चालणाऱ्यांनाही घेतो, त्यांचं तिकीट वेगळं असतं. चेअरलिफ्ट, म्हणजे तारेवरच्या उघड्या खुर्च्या, मात्र सगळ्याच ठिकाणी चालणाऱ्यांना खाली आणत नाही, ते चढण्याआधी विचारा. आम्ही एकदा वर पोचल्यावर विचारलं होतं. दाबून सपाट केलेल्या बर्फाच्या खास पायवाटा असतात. त्यांवर रबरी जाळीचे काटे बुटांना बाहेरून चढवले आणि दोन काठ्या घेतल्या की गुडघ्यांना चालणं जमतं. मऊ बर्फासाठी स्नो-शू असतात. पाऊल रुतत नाही, पण पाय फाकवून चालावं लागतं, ते त्यांच्या गुडघ्यांना कितपत रुचेल हे दहा मिनिटांत कळेल. घोड्याची स्लेज असेल तर बसवाच. काही ठिकाणी एका संध्याकाळी प्रशिक्षक हातात मशाली घेऊन अंधारात ओळीने उतरतात. मी दरवर्षी बघते.

आणि डोळे. ढगाळ दिवस, मी स्की करत नाही, मग गॉगल कशाला, म्हणून मी पहिल्या वर्षी तशीच चार तास बाहेर बसले. रात्री दोन वाजता डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं. उजेडाकडे बघवेना, पाणी थांबेना. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, शिवाय दर हजार मीटर उंचीला ती सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. ढग असले तरी. त्रास काही तासांनी उठतो, म्हणून बाहेर असताना कळतच नाही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही सनस्क्रीन लावा, किरणं खालून येतात.

धागाकर्ती:

बापरे, किती छान माहिती! कौशल्याच्या चौकटीत नवऱ्याने 'प्रगत' लिहिलं होतं. खोडून घेतलं.

दोन शंका. लेकीला स्की नको, स्नोबोर्ड (दोन्ही पायांना मिळून एकच रुंद फळी) हवा. आणि नवऱ्याची नवी कल्पना: रात्री उतार रिकामे असतात, चांदणं असतं, तेव्हा सगळ्यांनी मिळून घसरगाडीने उतरायचं. मला आवडली. एकत्र असण्याचा प्रश्नही सुटतो.

कोळ्याचं जाळं:

नाही. नाही. नाही.

उतार बंद झाले की त्यांवर बर्फ सपाट करणारी अवजड यंत्रं फिरतात. चढ तीव्र असेल तर यंत्राला वरच्या खुंट्याला बांधलेली पोलादी दोरी लावतात, हजार-हजार मीटर लांब. ती बर्फावर सैल पडलेली असते आणि क्षणात ताणून कमरेच्या उंचीवर उसळते. अंधारात ती दिसत नाही, आणि यंत्र तर वळणापलीकडे असतं. माणसं यात मेलेली आहेत. बंद झालेला उतार म्हणजे बंद, चांदणं असो की नसो. घसरगाडीसाठी राखीव वाट असते, काही ठिकाणी तिथे रात्रीचे दिवेही लावतात. तिथेच जा, हेल्मेट घालून. हेल्मेटखाली गोंड्याची टोपी नको, ते घट्ट बसत नाही.

स्नोबोर्डला १३ हे वय चांगलं. पहिले दोन दिवस ती बुडावर आणि हातांवर आपटणार. मनगटाचे गार्ड घ्याच. स्कीवाले गुडघा आणि अंगठा दुखवतात (हातात काठी असताना पडलं की अंगठा मागे ओढला जातो), बोर्डवाले मनगट. एक नियम तिला पाठ करायला लावा: पुढे, खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, वरून येणाऱ्याने त्याला सांभाळायचं. थांबायचं तर कडेला, उंचवट्यामागे कधीच नाही.

घसरगुंडी:

आणि मफलर नको! आजीने विणलेला असला तरी. चेअरलिफ्टमध्ये लोंबणारं टोक अडकतं. गळ्यात नळीसारखा बफ घाला. पाठीवरची सॅक खुर्चीत बसण्याआधी काढून पुढे घ्या. धाकट्याच्या शेजारी कायम मोठं माणूस. तुमच्या विम्यात हिवाळी खेळ येतात का आणि बर्फातून उचलून आणण्याचा खर्च येतो का, हे मात्र निघण्याआधी वाचा.

धागाकर्ती:

कळवते. सासूबाईंच्या डॉक्टरांनी बेतानं जायला सांगून परवानगी दिली.

नवं वेळापत्रक असं: सकाळी मी, लेक आणि धाकटा तिघेही आपापल्या वर्गात. नवरा मोकळा, हवं तिथे पडो. सासूबाई पायवाटेवर, तिसऱ्या दिवसापासून गोंडोलाने मधल्या स्टेशनपर्यंत. साडेबाराला पाचही जण तिथेच भेटणार, कारण ती एकच जागा सगळ्यांना आपापल्या वाटेने गाठता येते. उशीर करणाऱ्याने संध्याकाळी सगळ्यांचे बूट वाळवायचे. चौथ्या दिवशी कुणीच काही चढवायचं नाही. नवरा दोन दिवस फुरंगटून होता. काल त्याच्या फोनवर एक तासाच्या खासगी वर्गाची पावती दिसली. मी काही बोलले नाही.

आता एकच राहिलं. सासूबाईंनी जुन्या कागदावरची पाचव्या दिवसाची 'विश्रांती' खोडून स्वतःच्या हाताने 'घसरगाडी' लिहिलंय. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा टाकते: "दोघांच्या गाडीला ब्रेक कुणाच्या ताब्यात असतो?"

कोळ्याचं जाळं:

मागे बसणाऱ्याच्या. तो दोन्ही पाय बर्फावर टेकवून वेग मारतो, वळायचं असेल तिकडचा पाय जास्त दाबतो. त्यात गुडघ्यांवर जोर येतो, म्हणून आजींनी पुढे बसावं, पाय गाडीवरच ठेवावेत, आणि सगळ्यात सपाट वाट निवडावी. आधी मागच्याने एकट्याने दोन फेऱ्या मारून बघाव्यात.

धागाकर्ती:

वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग मागे तू बस. त्याला नको."