शेतकरी बाजारात लहान मुलीचा सरबताचा ठेला : द्यावा की नाही?

पाटीपेन्सिल : उपनगरातल्या रविवारच्या शेतकरी बाजारात एका कुटुंबाने 11 वर्षांच्या लेकीसाठी लिंबू सरबताचा स्टॉल मागितलाय. माझ्या मते द्यावा. सुट्टे पैसे, हिशेब, गिऱ्हाइकाशी बोलणं असं बरंच काही तिथे शिकता येतं.

हिशेबी : विरोध. शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावं म्हणून हा बाजार. साखर वाण्याची, लिंबं वाशीच्या मार्केटची, मग यात शेतकरी कुठे आला? आणि 20 रुपयांच्या ग्लासात उरतं काय? उन्हाळ्यात लिंबू 8-10 रुपयांवर गेलं की साखर, बर्फ, कप धरून हातात चार-पाच रुपये. आईबाबांची मजुरी धरली तर तोटाच.

आंबटगोड : लिंबं शेजारच्या शेतकऱ्याकडूनच घ्यायची अट घाला, मिटलं. 40 ग्लासांना (200 मिलीचे) मध्यम रसाळ 40 लिंबं लागतात, ग्लासाला 15 मिली रस. साखर थंड पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते; पहिले ग्लास आंबट, शेवटचे पाकासारखे. म्हणून 1 किलो साखर, 1 लिटर पाणी गरम करून पाक घरूनच न्यायचा, ग्लासाला 35 मिली. रस मात्र दहा-दहा लिंबांचा, तिथेच काढायचा. सकाळी काढलेला रस तीन-चार तासांत कडवट लागायला लागतो, आणि बिया-साल चिरडून पिळलं तर लगेचच. भांडी स्टीलची, कल्हई उडालेलं पितळ नको.

रेल्वेप्रवासी : कुर्ला स्टेशनवर अस्वच्छपणे लिंबू सरबत बनवतानाचा 2019 चा व्हिडिओ विसरलात? त्यानंतर मध्य रेल्वेने स्थानकांवरचं उघडं सरबतच बंद केलं. खरा प्रश्न पाणी आणि बर्फाचा आहे. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा नियम 2018 मध्ये आला, पण पांढरा दिसला म्हणजे चांगला असं थोडंच आहे? मासळीच्या टोपलीतला बर्फही पांढराच असायचा.

आंबटगोड : बर्फ सरबतात टाकायचाच कशाला? उकळून गार केलेलं पाणी झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत आदल्या दिवशी गोठवायचं, डबा बाहेरून धुऊन बंदच पातेल्यात सोडायचा. डबा पाऊणच भरा, नाहीतर पाणी गोठताना फुगतं आणि झाकण उचकटतं. सरबत पातळही होत नाही.

कलमवाला : याला बालमजुरी म्हणणाऱ्यांसाठी : बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालचं मूल शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या बिनधोक्याच्या धंद्यात मदत करू शकतं. त्या ‘कुटुंबात’ आईवडील, भावंडं आणि काका, आत्या, मामा, मावशी येतात. शेजारच्या काकूंच्या स्टॉलवर बसवलं तर चालणार नाही. अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी मात्र आईच्या किंवा बाबांच्या नावावर हवी.

पाटीपेन्सिल : म्हणजे अडचण नाही!

हिशेबी : आहे. प्लास्टिकचे कप बंद, कागदी कपांना आतून प्लास्टिकचंच अस्तर, स्टीलचे ग्लास आणले तर ते धुणार कुठे? एका बादलीत बुचकळून काढलेला ग्लास मला नको. वाहतं पाणी देणार असाल तर द्या स्टॉल.

रेल्वेप्रवासी : आणि नोटा मोजणारा हात लिंबाला लागता कामा नये. पोरीने पैसे घ्यावेत, पिळायचं काम बाबांकडे. उलट दिसलं तर मी तरी पिणार नाही.