विषय: तापाचे डॅनिश शब्द, इंग्रजी मधे न आणता

प्रेषक: मी. जो., लुंगब्यू
मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी रात्री आमच्या दीड वर्षाच्या बाळाला सणकून ताप भरला. नवरा कामासाठी स्टॉकहोमला, घरात मी आणि बाळ. अंग तव्यासारखं तापलेलं आणि पोटावर लाल पुरळ. मी रात्रीच्या डॉक्टरसेवेला फोन लावला. माझे डॅनिशचे दोन मॉड्यूल झालेत, दुकानात-पाळणाघरात निभावतं. पण त्या धांदलीत पुरळाला शब्दच आठवेना, म्हणून इंग्रजी 'रॅश' तसाच डॅनिश वाक्यात घातला. फोनवरच्या नर्सबाईंनी ऐकलं 'रास्क'. रास्क म्हणजे बरा, ठणठणीत. त्या म्हणाल्या, छान, मग मी काय मदत करू?

पुढे त्यांनी विचारलं, बाळाशी 'कोन्ताक्त' होतो का? मी म्हटलं हो, माझ्या मांडीवरच आहे. त्यांना विचारायचं होतं, हाक मारली की बघतो का, ओळखतो का. तो तर ग्लानीत होता, डोळे अर्धवट मिटलेले. ताप किती? मी म्हटलं १०२. पलीकडे शांतता.

शेवटी त्या स्वतःच इंग्रजीत बोलायला लागल्या. काचेचा पेला पुरळावर दाबायला सांगितला, दाबल्यावर डाग फिके होतात का ते बघायला. एका हातात फोन, एका हातात पेला, बाळ रडतंय आणि मला काचेतून नीट दिसतही नाहीये. डाग फिके झाले. तरी बोलावून घेतलं, तपासलं, साधा व्हायरल निघाला. आता बाळ खेळतंय.

पण त्या दहा मिनिटांत मी चुकीची माहिती देत होते, हे माझ्या मनातून जात नाही. तापाच्या, आजारपणाच्या शब्दांची यादी कुणाकडे असेल तर पाठवाल का?

मी.

---

प्रेषक: अ. कु., ओर्हूस
बुधवार, सकाळी ८.०५

मी., बाळ बरं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. माझ्याकडे एक तक्ता आहे, इंग्रजी शब्द आणि समोर डॅनिश, साठेक शब्द आहेत. फीव्हर म्हणजे फेबर, कफ (खोकला) म्हणजे होस्टे, रॅश म्हणजे उधस्लेत, असा. सोबत जोडतोय. फ्रिजवर लाव.

अ.

---

प्रेषक: सु. का., ओडेन्स
बुधवार, रात्री ९.३०

मी., बाळाला माझे आशीर्वाद. आणि अ., तक्ता चांगला आहे, मी पूर्ण वाचला, चूक एकही नाही. तरी मी सांगेन की तो फ्रिजवर लावू नका.

मी १९७५ साली लग्न होऊन या देशात आले. इंग्रजी जेमतेम, डॅनिश शून्य. पुढे सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात मदतनीस म्हणून काम केलं. आजारपणाचे शब्द मी पेशंटच्या उशाशी बसून शिकले, आणि थेट मराठीवरून शिकले, कारण मधे घ्यायला इंग्रजी नव्हतंच. म्हणून मनापासून सांगते: इंग्रजी मधून काढा. आपली मराठी डॅनिशच्या जास्त जवळ बसते.

दुखण्यापासून सुरू करू. आपण म्हणतो पोटात दुखतंय, घशात दुखतंय, कानात दुखतंय. डॅनिश माणूसही तसंच म्हणतो: ऑन्त ई मेवन, ऑन्त ई हालसन, ऑन्त ई ओरेट. 'ई' म्हणजे आपला 'त'. पोटात, घशात. डोकंही त्यांचं डोक्यात दुखतं, एवढाच फरक. दुखणाऱ्या अवयवाचं नाव माहीत असलं की झालं.

थंडी वाजून येते तेव्हा इंग्रजीवरून गेलात तर 'मी थंड आहे' असं काहीतरी बोलाल. त्यांचं वाक्य आहे 'याय फ्र्यूसर', मला थंडी वाजतेय. दातावर दात वाजायला लागले, हुडहुडी भरली, तर कुलेग्यूसनिंगर. हा शब्द घोटून ठेवा, डॉक्टर हमखास विचारतात. सर्दीसाठी मात्र 'कोल' म्हणजे थंड हा शब्द वापरायचा नाही. सर्दी झालेला माणूस तो फॉर्कोलेध.

आता कणकण. इंग्रजीत हा शब्द सांगायला मला कधी जमला नाही. थर्मामीटर ३७.५ दाखवतो, ताप म्हणावा तर नाही, पण मूल मलूल, खेळणं हातात घेऊन नुसतं बसलंय. डॅनिशमध्ये त्याला नेमका शब्द आहे: स्लॉय. 'हान एर लित स्लॉय' म्हटलं की इथल्या नर्सला सगळं कळतं. माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका सकाळी विचारलं की हेच म्हणायच्या, 'लित स्लॉय', आणि मला माझी आजी आठवायची, अंगात कसर आहे गं म्हणणारी.

मग बेतेनेल्से. या शब्दाने आपली मंडळी फार घाबरतात, कारण तो सारखा येतो. लुंगेबेतेनेल्से म्हणजे न्यूमोनिया. लहान मुलांचा कान फुटतो ती मेलमोरेबेतेनेल्से. ब्लेरेबेतेनेल्से मूत्राशयाची. बायका विचारतात, हे इन्फेक्शन की इन्फ्लमेशन? इंग्रजीवरून गेलं की हा प्रश्न पडणारच, कारण तिथे दोन शब्द आहेत आणि रोजच्या डॅनिशमध्ये दोन्हीकडे हा एक चालतो. त्याच्या पोटात 'तेने' आहे, म्हणजे पेटवणं. मेणबत्ती पेटवायलाही तेनेच. आपल्या वैद्यकातला 'दाह' आठवा. फुफ्फुसाचा दाह, कानाचा दाह. झालं. जखम चिघळली, पू झाला, तरी साध्या बोलण्यात 'जखमेत बेतेनेल्से आहे' म्हणतात.

एक शब्द मात्र खरंच जपून: त्यूफुस. इंग्रजी कोशात टायफस बघाल तर तो उवा-पिसवांतून येणारा वेगळाच आजार. डॅनिश त्यूफुस म्हणजे आपला टायफॉइड, मुदतीचा ताप. तो दुसरा इथे प्लेटत्यूफुस, 'प्लेट' म्हणजे डाग. आपल्यातलं कुणी पुण्या-मुंबईहून परत येऊन तापाने आजारी पडलं की डॉक्टर मलेरिया, डेंगी आणि त्यूफुसबद्दल विचारतात. 'मला पूर्वी झाला होता' की 'नव्हता झाला', इथे गोंधळ नको. आणि भारतातून आलोय हे त्यांनी विचारायची वाट न बघता पहिल्या वाक्यात सांगा.

आकड्यांचं. मी., तुझे १०२ म्हणजे ३८.९. आपल्याकडचा फॅरनहाइटचा थर्मामीटर सरळ ड्रॉवरमध्ये टाक, इथला घे. ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४, हे तीन पाठ असले की पुरतं. आणि इथे लहान मुलांचा ताप शौचाच्या जागी मोजतात, काखेत नाही. काखेत कमी दाखवतो. फोनवर 'मोल्त ई नुमसन?' विचारलं तर संकोच न करता खरं ते सांगायचं, काखेत मोजला असेल तर काखेत.

आकडा बोलतानाही मराठीच धरा. आपण अडतीस म्हणतो, आधी आठ मग तीस. तेही आधी आठ मग तीस म्हणतात. इंग्रजीवरून आलेली मुलं इथे उलटसुलट करतात आणि ३८ चे ८३ होतात. नाडीच्या ठोक्यांना पन्नासच्या पुढचे आकडे लागतात, त्यांना सगळे परदेशी कंटाळतात. पण आपल्याकडे अडीच आहे! हालत्रेस म्हणजे अडीच विसा, पन्नास. हालफ्येर्स साडेतीन विसा, सत्तर. हालफेम्स साडेचार विसा, नव्वद. माझ्या सासूबाई अंडी विसावर मोजायच्या, त्यांना हे मी एका दुपारी शिकवलं होतं.

बाकी उलटीला कास्टे ऑप, मळमळीला क्वालमे, घेरी येते तर स्विमल. ताप उतरला, एकदम गेला, तर फेबरफ्री. पाळणाघरात मूल परत पाठवताना हाच शब्द लागतो, आणि जोडीला तो तुझा रास्क. आता तो तू जन्मात विसरणार नाहीस.

आणि मी., तू चुकीची माहिती देत नव्हतीस. तू एकटी होतीस आणि फोन लावलास, पेला दाबून बघितलास. ते बरोबर केलंस. बाळ हाकेला ओ देत नसेल, डाग पेल्याखाली फिके होत नसतील, झटके आले, तर भाषेचा विचार न करता ११२. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव.

सु. काकू

---

प्रेषक: वि. प., रोध्ब्यू
गुरुवार, दुपारी १.१५

काकू, तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं.

मी लोलँड बेटावर बोगद्याच्या कामावर आहे. तुम्ही हुडहुडी लिहिलंत आणि एक गोष्ट सांगावीशी वाटली. आमच्या साइटवर इथलेच एक साठीचे गृहस्थ आहेत. मलेरियाचा विषय निघाला, मी सांगितलं की आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात असतो. ते म्हणाले, आमच्याकडेही होता, आणि शब्द सांगितला: कोल्डफेबर. त्यातला ड मुका. कोल्ड म्हणजे थंड, फेबर म्हणजे ताप.

हिवताप! हिव आणि ताप, जसाच्या तसा. मी त्यांना हे कागदावर दोन्ही लिप्यांत लिहून दाखवलं. तो कागद त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवला.

मग मी वाचून बघितलं. लोलँड, फाल्स्टर हा सगळा सखल, पाणथळ भाग, डासांना हवा तसा. १८३१ साली इथे या तापाची मोठी साथ आली होती. आधी कुडकुडवणारी थंडी, मग फणफणता ताप, मग घाम. इथल्या शेतकऱ्याने आणि आपल्या शेतकऱ्याने एकमेकांचं नावही न ऐकता त्याला एकच नाव दिलं. 'मलेरिया'चा मूळ अर्थ वाईट हवा. आपल्या आणि यांच्या शब्दात मात्र माणसाच्या अंगाला काय होतं ते आहे. मला हे फार आवडलं.

वि.

---

प्रेषक: नि. स., बालरुप
गुरुवार, संध्याकाळी ७.५०

लसीकरणाबद्दल थोडं, कारण आमचा यात दोन महिने घोळ झाला.

इथे एमएफआर देतात, पंधराव्या महिन्यात आणि चौथ्या वर्षी. एम म्हणजे मेसलिंगर, गोवर. एफ म्हणजे फोरेस्यूए, शब्दशः मेंढीचा आजार, म्हणजे गालगुंड. आर म्हणजे रोधे हूने, शब्दशः लाल कुत्रे, म्हणजे रुबेला. आम्ही 'लाल कुत्रे' वाचून रेबीजची लस समजलो आणि घेतलेली नाही असं लिहून दिलं. रेबीज तो हुनेगालस्केब, वेगळा.

आमच्या मुलीच्या कार्डावर सरकारी दवाखान्याचा 'एमआर' होता, म्हणजे गोवर-रुबेला. त्यात गालगुंडाची लस नसते. खाजगी डॉक्टरकडे एमएमआर घेतलेली असेल तर ती इथल्या एमएफआरसारखीच. तेव्हा कार्ड नीट बघा, एक एम आहे की दोन. तीन, पाच आणि बारा महिन्यांची जी लस आहे तिच्या नावातला 'की' म्हणजे कीहोस्टे, डांग्या खोकला.

आणखी एक. 'गिफ्त' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. फॉर्मवर त्याचा अर्थ विवाहित, बाटलीवर विष. मुलाने काही तोंडात घातलं तर विषबाधेची फोनलाइन, गिफ्तलिन्येन, चोवीस तास असते: ८२ १२ १२ १२. हा नंबर आजच मोबाइलमध्ये घाला.

नि.

---

प्रेषक: मी. जो., लुंगब्यू
शुक्रवार, रात्री १०.२०

काकू, वि., नि., अ., सगळ्यांचे आभार कसे मानू.

आज संध्याकाळी नवऱ्याला शेजारी बसवून मोठ्या कागदावर लिहिलं. डावीकडे मराठी, उजवीकडे डॅनिश, दोन्ही देवनागरीत, मधे काही नाही. कणकण – स्लॉय. हुडहुडी – कुलेग्यूसनिंगर. दाह – बेतेनेल्से. पुरळ – उधस्लेत, लाल शाईने. खाली ३८, ३९, ४०. मग मी फोन धरला, नवरा नर्स झाला, आणि पूर्ण फोन डॅनिशमध्ये केला. तीनदा. तिसऱ्यांदा अडखळले नाही. अ., तुझा तक्ता आत कपाटाच्या दारावर आहे, औषधांची नावं त्यातच सापडतात.

काकू, एक जागा रिकामी राहिलीये. पुढच्या महिन्यात आई येतेय. बाळाला थोडं उकडलं की मानेवर बारीक बारीक घामोळं येतं, आणि ती बघताक्षणी विचारणार, याला इथे काय म्हणतात?

मी.

---

प्रेषक: सु. का., ओडेन्स
शनिवार, सकाळी ६.४५

वार्मेक्नोपर. क आणि न दोन्ही उच्चारायचे. वार्मे म्हणजे उष्णता, क्नोपर म्हणजे झाडाला येतात त्या कळ्या. आईला सांग, उन्हाच्या कळ्या. आणि आई आली की ओडेन्सला घेऊन ये, चार दिवस राहायलाच या.

सु. काकू